मशीन सकाळीच अडकते

शनिवार, १ डिसेंबर १९७३
ही वही फक्त नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापुरती. कोणी वाचायची नाही. मीसुद्धा परत वाचणार नाही.

आज आमच्या खात्यात नवी मराठी टाइपरायटर मशीन आली. एकच आली आणि ती माझ्या चार्जमध्ये दिली. हेडक्लार्क चंपतरावांनी रजिस्टरात माझी सही घेतली. म्हणाले, हे पाहा गा लांजेवार, कंपनीचा माणूस जानेवारीत येईन. तोवर मशीनले कोणी खोलाचं नाही, तेल लावाचं नाही, काही करायचं नाही. बिघडली तं रिपोर्ट तुमच्या नावानं साहेबाकडे जाईन. मी हो म्हटलं. सही जरा वाकडी आली.

मुख्य गोष्ट लिहून ठेवतो. माझी टेम्पररी ऑर्डर ३१ डिसेंबरला संपते. मराठी टायपिस्टची एक जागा पर्मनंट होणार आहे. उमेदवार दोन, मी आणि इंदूबाई. मी चार वर्षं जुना, स्पीड चाळीस, सर्टिफिकेट भिंतीवर काचेत. इंदूबाई रामटेकची, लागून आठ महिने झाले, हाताखाली जुनी खटारा मशीन. म्हणजे प्रश्नच नाही. जागा मिळालीच नाही तर सावनेरला वच्छलाच्या भावाच्या, मारोतरावांच्या, सरकी-ढेपेच्या दुकानात बसावं लागेल. तो विचार मी करत नाही. दिवसातून दोनदाच येतो.

सोमवार, ३ डिसेंबर
दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मशीनला तेल दिलं. चंपतराव नको म्हणाले होते, पण ते सर्वसाधारण लोकांसाठी. मी इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला माणूस. आमचे मास्तर म्हणायचे, मशीनला तेल देत नाही तो टायपिस्ट नव्हे, हमाल. स्टोअरमधून तेल मागवायचं तर मागणीपत्र आणि त्यावर तीन सह्या, म्हणजे गावभर बोभाटा. म्हणून घरून खोबरेल नेलं, वच्छलाच्या बाटलीतलं. एकदम शुद्ध. जे डोक्याला चालतं ते लोखंडाला काय वाईट करणार? अक्षरांच्या काड्यांच्या मुळाशी, कागद सरकवणाऱ्या कॅरेजखाली, स्पेसबारला, सगळीकडे दिलं.

मशीन अशी चालली की इंदूबाई वळून पाहायला लागली.

गुरुवार, ६ डिसेंबर
थंडी वाढली. उद्यापासून साडेसातला हजेरी. सभागृहाचे प्रश्न आदल्या संध्याकाळी येतात, उत्तरं सकाळी टाइप होऊन साडेनऊला साहेबांच्या टेबलावर पाहिजेत. साहेब मुंबईहून आले आहेत. त्यांचा आवाज अजिबात मोठा नाही. मला त्याचीच भीती वाटते.

प्रत्येक उत्तराखाली डाव्या कोपऱ्यात टायपिस्टच्या नावाची आद्याक्षरं घालायची असतात. चंपतराव म्हणाले, साहेब तेच पाहते, कोण काम करून राहिलं अन् कोण नाही. मी मनात म्हटलं, उत्तम. पाहू द्या.

शुक्रवार, ७ डिसेंबर, सकाळी ८
मशीन अडकली.

पहिलंच अक्षर. काडी वर गेली आणि अर्ध्या वाटेत उभी राहिली. दुसरी तिच्या पाठीला चिकटली. कॅरेज ढकललं तेव्हा हललं, आणि तेही नाइलाज असल्यासारखं.  मोठ्याने खोकलो आणि खोकता खोकता काड्या बोटाने खाली दाबल्या. कोणी पाहिलं नसावं. उत्तर इंदूबाईकडे दिलं. तिला सरावाची गरज आहे, असं चंपतरावांना सांगितलं.

दुपारी २. मशीन उत्तम चालते आहे. म्हणजे किरकोळ होतं. तरी खबरदारी म्हणून पुन्हा तेल दिलं.

शनिवार, ८ डिसेंबर
सकाळी परत तेच. आज जास्त. आठ वाजता दहा काड्या हवेत उभ्या. उत्तरं तीन होती, तिन्ही इंदूबाईला दिली. दुपारी मशीन पुन्हा शहाणी झाली. मी जिल्हावार विहिरींची यादी टाइप केली. ती कोणी मागितली नव्हती, पण फाइलला असावी.

तेल कमी पडत असणार. उद्यापासून रोज सकाळी निघण्यापूर्वी लहान शिशीत तेल घ्यायचं.

सोमवार, १० डिसेंबर
तेल शिशीत ओतायला गेलो तर बाटलीत गोळा झालेलं. बाटली गरम पाण्याच्या गंजात ठेवली, पातळ केलं, मग ओतलं. यात दहा मिनिटं गेली. वच्छला म्हणाली, बाटली आठ दिवसांत अर्धी झाली, अन् तुमच्या डोक्यावर तं चार केसं हायेत, तेल कोणाले पाजून राहिले? ती रोज बाटली अंगणात उन्हात ठेवते आणि दर हिवाळ्यात तेल थिजलं म्हणून नव्याने कुरकुरते. बायकांना साध्या गोष्टीचंही नवल वाटतं.

ऑफिसात मशीनला भरपूर तेल दिलं. तरी अडकली. कारण कळत नाही. काय ते एकदा कळलं असतं तर एवढी भीती वाटली नसती. सकाळी मशीनवरचं कव्हर काढण्याआधी मी दोनदा दाराकडे पाहतो.

संशय १: चंद्रभान शिपाई. झाडू मारायला सातला तोच येतो. त्याला विचारलं, मशीनला हात लावतोस का? म्हणाला, बाबू, मी तं तिच्याकडे पाहतबी नाही, मले पेन्शन घ्याची आहे.
संशय २: इंदूबाई. पण ती माझ्यानंतर येते.
संशय ३: नजर. मशीन नवी, पहिल्या दिवशी सगळ्यांनी येऊन पाहिली होती. मशीनखाली एक लिंबू आणि दोन मिरच्या ठेवल्या.

मंगळवार, ११ डिसेंबर
लिंबाने फरक नाही. चंद्रभानने ते चहात पिळलं.

आता शांतपणे विचार केला. मशीन बाहेर दुरुस्त करून घ्यायची. कंपनीकडे जाता येत नाही, ते रिपोर्ट लिहितील. रिपोर्टमध्ये 'मशीन खोलली का' हा रकाना असणार. म्हणून माणूस स्वस्त पाहिजे आणि त्याचं तोंड बंद पाहिजे. दुपारी सीताबर्डीवर घड्याळवाल्याकडे नुसती चौकशी केली. त्याने डोळ्यातली काच न काढता सांगितलं, अलारामच्या घड्याळापेक्षा मोठं काही मी हातात घेत नाही. मी म्हटलं, मशीन माझी नाही, एका मित्राची आहे. तो म्हणाला, मी विचारलं का?

त्यानंतर ऑफिसात येईपर्यंत तो मला ओळखतो की काय, हाच विचार डोक्यात.

बुधवार, १२ डिसेंबर
इतवारीत बाबाराव म्हणून एक जण शिलाई मशिनी दुरुस्त करतो. माणूस वयस्कर, बोलणं कमी. दुपारच्या सुट्टीत आमची मशीन चादरीत गुंडाळून सायकलरिक्षाने नेली. मागच्या गेटवर कोणी नव्हतं. तरी सीटवर वाकून बसलो.

बाबारावने मशीन दुकानाबाहेर पाटावर ठेवली, ऊन छान होतं. चार ओळी टाइप करून पाहिल्या. एकही काडी अडकली नाही. मी म्हटलं, सकाळी अडकते. तो म्हणाला, भाऊ, सकाळी तं मीबी अडकतो. बिघाड नाही काही, घेऊन जा. नुसतं पाहण्याचे दोन रुपये घेतले. एका अर्थी चांगली बातमी आहे: मशीन बिघडलेलीच नाही.

गुरुवार, १३ डिसेंबर
अडकली. स्पेसबार दाबला तो वर आलाच नाही.

शुक्रवार, १४ डिसेंबर
आजचं सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे चौकशी झाली तर आठवेल.

पावणेआठला साहेब स्वतः आमच्या खोलीत आले. हातात कागद होता. सरळ माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, एवढं लगेच करून द्या, मी थांबतो. नवी मशीन माझ्याकडे, म्हणून माझ्याकडेच आले. मी कव्हरला हात घातला आणि मला दिसलं की आता काड्या उभ्या राहणार, साहेब बघणार, रजिस्टर मागवणार, सही माझी.  तोंडून आपोआप निघालं, साहेब, मनगट मुरगळलंय.

साहेबांनी विचारलं, कधी? मी म्हटलं, आत्ताच. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. मग कागद इंदूबाईला दिला आणि मला म्हणाले, विश्रांती घ्या. इंदूबाईने सात मिनिटांत टाइप केलं. त्यातली चार तिच्या मशीनची रिबन सरळ करण्यात गेली.

साहेबांनी माझ्या तब्येतीची विचारपूस केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चार वर्षांत असं झालं नव्हतं.

मनगटाला पट्टी बांधावी लागली. दुपारी मशीन सुरू झाली तेव्हा मला डाव्या हाताने टाइप करावं लागलं. घरी गेल्यावरही पट्टी सोडली नाही, न जाणो कोणी ऑफिसातलं आलं तर. वच्छलाने पट्टीकडे पाहिलं. 

शनिवार, १५ डिसेंबर
पट्टी. उत्तरं पाच. पाचही इंदूबाई.

इंदूबाई डबा खाताना म्हणाली, लांजेवार भाऊ, तुमाले बरं नसन तं मी चंपतरावांले सांगतो, तुमी सुट्टी घ्या दोन दिवस. मी म्हटलं, नको, मी असलो म्हणजे तुला मार्गदर्शन होतं. मान हलवून ती जेवायला लागली. मुलगी नम्र आहे. तिच्या घरी आई आहे आणि लहान बहीण, असं चंद्रभान सांगत होता. मी त्यात लक्ष घातलं नाही.

रविवार, १६ डिसेंबर
सुट्टी. दिवसभर घाबरत होतो. सोळा दिवस राहिले. उपाय ठरला. बिघाड सकाळीच होतो तर बाबारावला तो सकाळीच दिसला पाहिजे. त्याला ऑफिसात आणता येत नाही, अधिवेशनामुळे पोलीस पास मागतात. म्हणजे मशीन संध्याकाळी घरी आणायची, सकाळी साडेसहाला इतवारी, सव्वासातला ऑफिस. कोणाला पत्ता लागणार नाही. प्लॅन इतका सोपा आहे की आधी का सुचला नाही.

सरकारी वस्तू पासशिवाय बाहेर नेणे म्हणजे सस्पेंड. पण टेम्पररी माणसाला सस्पेंड करता येतं की नाही, मला नक्की माहीत नाही. नसावं. सरळ काढूनच टाकतात.

मंगळवार, १८ डिसेंबर, दुपारी
काल संध्याकाळी मशीन चादरीत बांधून सायकलच्या कॅरिअरवर ठेवली. या वेळी मागच्या गेटवर शिपाई होता. त्याने विचारलं, काय हाय? मी म्हटलं, पेटी आहे, भजनाची. तेवढ्यात सायकलने गचका खाल्ला, कॅरेज सरकलं आणि ओळ संपल्याची घंटी वाजली. तो म्हणाला, पेटीले घंटीबी हाय का? मी म्हटलं, नवीन मॉडेल आहे. त्याने जाऊ दिलं. पुढे झाडाखाली जाऊन बसलो.

घरी मशीन देवघरासमोर ठेवली, कारण तिथेच जागा होती. वच्छलाने एकदा मशीनकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला उदबत्ती लावली.

आज सकाळी सव्वासहाला निघालो. गावात धुकं. बाबाराव शेकोटीपाशी बसला होता. मशीन खोलली, काड्या उभ्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू. बाबारावने काडीच्या मुळाशी बोट घातलं, पांढरं काहीतरी निघालं. त्याने ते नाकाला लावलं. मग मला विचारलं, हे कोणं लावलं? मी म्हटलं, ऑफिसात एक जण आहे. तो म्हणाला, त्याले सांगा, हे केसाले लावाचं तेल आहे, भाऊ. थंडीत गोठते. ऊन आलं का वितळते. रोज थोडं थोडं घातलं असन त्यानं, इथं तं अर्धी बाटली बसली हाय.

मी चादरीची घडी घातली. मग म्हटलं, तो माणूस तसा हुशार आहे. बाबाराव म्हणाला, असन.

रॉकेलने काडी न् काडी धुवायची होती. एक एक ब्रशने. घाई करून चालत नव्हतं. मी सात वाजले म्हटलं, आठ म्हटलं. त्याने मशीन उन्हात पालथी ठेवली आणि चहा मागवला. नऊ वाजता मला रडायला येत होतं. साडेदहाला त्याने मशीनचं तेल थेंब थेंब दिलं. पाच रुपये घेतले. स्वस्त आहे. एवढीच एक गोष्ट मनासारखी झाली.

पावणेबाराला ऑफिस. गेटवर कोणी विचारलं नाही, पेटी परत येताना कोण विचारतो. खोलीत जेवणाची गडबड होती. माझ्या टेबलाकडे पाहिलं आणि थांबलो. मशीन तिथेच होती. म्हणजे कव्हर तसंच होतं, आत मशीन असल्यासारखं. जवळ जाऊन उचललं तर खाली दोन फाइलींचे गठ्ठे, वर एक डबा, अगदी मशीनच्या आकाराचे रचलेले.

इंदूबाई मान वर न करता म्हणाली, साहेब आठ वाजता आले होते. मी सांगतलं, भाऊ फाइल आणाले खालच्या खोलीत गेले. चंपतराव काही बोलले नाही.

मी म्हटलं, बरं केलंस.  मग मशीन ठेवली. उत्तरं किती होती, विचारलं. ती म्हणाली, नऊ.

बुधवार, १९ डिसेंबर
आज सकाळी सातलाच आलो. पट्टी सोडली. बोटं चोळली. कव्हर काढलं. आठ वाजता, अशा थंडीत, मशीन पहिल्या फटक्यात चालली. काय सांगू. चाळीसचा स्पीड, कदाचित पंचेचाळीस. आता दाखवतो साहेबांना.

कागद आला नाही. साडेनऊपर्यंत बसलो. मग चंपतरावांना विचारलं. ते म्हणाले, आमच्या खात्याचे प्रश्न कालच संपले. काल लय होते.

विहिरींची यादी पुन्हा टाइप केली. सुंदर आली.

शुक्रवार, २१ डिसेंबर
अधिवेशन संपलं. साहेब संध्याकाळच्या गाडीने मुंबईला गेले. जाताना आमच्या खोलीत डोकावले, सगळ्यांना नमस्कार केला. माझ्याकडे पाहून विचारलं, मनगट बरं आहे? मी म्हटलं, हो साहेब, आता अगदी बरं. ते हसले. हसण्याचा अर्थ चांगला होता असं माझं मत आहे. इंदूबाईशीही बोलले, पण ते कामाबद्दल.

चार वर्षं म्हणजे चार वर्षं. सीनियॉरिटी कोणी पुसू शकत नाही. वच्छलाला सांगितलं, नवीन वर्षात तुला पातळ घेऊ. ती बरं म्हणाली. आज जेवलो नीट, पण झोप लागत नाही.

बुधवार, २६ डिसेंबर
मुंबईहून पाकीट आलं. चंपतरावांनी उघडलं, वाचलं, खणात ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाणी प्यायला चार वेळा त्यांच्या टेबलावरून गेलो. पाचव्या वेळी म्हणाले, बसा गा लांजेवार, किती पाणी पेता.

शुक्रवार, २८ डिसेंबर, सकाळी ९
सकाळी चंपतरावांनी मला बोलावलं. खुर्ची दिली. त्यांनी मला खुर्ची कधी दिली नव्हती, म्हणून मी उभाच राहिलो.

म्हणाले, साहेबांनी अधिवेशनातली सगळी उत्तरं मागवली होती. एकोणतीस. खाली अक्षरं पाहिली. चंपतराव म्हणाले, लांजेवार, तुमचं एकबी नव्हतं. मी शोधलं गा. दोनदा शोधलं. एखादं सापडलं असतं तं तुमच्या बाजूनं काही लिहिलं असतं मी.

मी मनगटाचं सांगायला लागलो. ते ऐकत राहिले. पूर्ण ऐकलं. मग त्यांनी ऑर्डरचा मसुदा माझ्या हातात दिला. म्हणाले, इंदूबाईची ऑर्डर इंदूबाईनंच टाइप करणं बरं दिसत नाही. चार प्रती पाहिजे.

आठ वाजले होते. बाहेर धुकं होतं, चंद्रभानने खोलीत शेगडी आणून ठेवली होती. चार प्रती काढल्या. कुमारी इंदू, वगैरे वगैरे, कायम नेमणूक, एक जानेवारीपासून. एकही चूक नाही. मशीन एकदाही अडकली नाही.

सोमवार, ३१ डिसेंबर
मशीनचा चार्ज इंदूबाईला दिला. रजिस्टरात माझ्या सहीवर रेघ मारून तिने सही केली. ती रडली. मी तिला म्हटलं, रडायचं काय त्यात, काम चांगलं केलंस. हे मी मनापासून म्हटलं. हिच्यावर राग धरावा असं ठरवलं होतं, पण त्या दिवशीचे फाइलींचे गठ्ठे डोळ्यांसमोर येत राहिले.

घरी येताना वाटेत ठरवत होतो, वच्छलाला काय सांगायचं. जागाच रद्द झाली म्हणावं. किंवा मी स्वतःच सोडली म्हणावं, थंडीत सकाळचं काम झेपत नाही म्हणून. दुसरं जास्त पटण्यासारखं वाटलं. दारात आलो तर तिने भांडी पोत्यात भरून ठेवली होती. गाद्या गुंडाळून दोरीने बांधल्या होत्या.

मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, मारोतदादाले मी पंधरा तारखेलेच कार्ड टाकलं. त्यानं खोली पाहून ठेवली. उद्या सातची एस.टी. आहे, लवकर झोपा.

मी विचारलं, पंधरालाच कसं कळलं? तेव्हा तर माझं काम जोरात चालू होतं.

ती सर्टिफिकेटची काच फडक्यात गुंडाळत होती. म्हणाली, तुमी लय भेत होते ना, म्हणून बोलली नाही.

मला वाटत होतं, ते कोणालाच दिसलं नाही.